जुन्या गाडीचं तेलकट इंजिन घरी सील करायचंय? आधी ब्रीदर बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साठच्या दशकातली चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे, बरीच वर्षं उभी होती, आता चालते. इंजिनवर काळ्या चिकट्याचा जाड थर आहे आणि गाडी जिथे उभी राहील तिथे, साधारण इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडाखाली, तेलाचा डाग पडतो. पॅकिंगचा पूर्ण सेट तुम्ही आणून ठेवलाय. आता इंजिन उतरवून सगळं एकदाच सील करावं का, आणि पॅकिंगच्या जोडीला सगळीकडे सिलिकॉन लावलं तर काय बिघडतं, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्याचं उत्तर, अजून नाही. दुसऱ्याचं, बरंच काही बिघडतं.

माझी स्वतःची पहिली जुनी गाडी अशीच गळत होती. डाग नेमका त्याच जागी. क्रँकचं मागचं सील गेलंय असं मी ठरवूनच टाकलं, गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, सगळं परत चढवलं. पंधरा दिवसांत डाग हजर. नवीन सीलच खराब निघालं म्हणून पुन्हा सगळा उतारा. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी हात घालण्याआधी सहज ब्रीदरची, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणारी, नळी काढून फुंकली, तर हवा जाईनाच. आतली तारेची जाळी तेल आणि काजळीने बुचासारखी घट्ट बसली होती. ती रॉकेलमध्ये रात्रभर भिजवली, साफ केली, परत लावली आणि गळती थांबली. दोन वेळा गिअरबॉक्स पोटावर घेऊन जे झालं नाही ते बादलीभर रॉकेलने झालं.

असं का होतं ते एकदा कळलं की पुढचं सगळं काम सोपं जातं. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनाचा थोडा वायू त्यांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतोच. तो बाहेर पडायला वाट हवी. जुन्या इंजिनांना त्यासाठी खाली लोंबणारी एक साधी नळी असे, गाडी धावताना तिच्या तोंडापाशी जो ओढा तयार होतो त्यावर ती चाले. पुढे हा वायू कार्ब्युरेटरखाली मॅनिफोल्डमध्ये ओढून जाळायची पद्धत आली, तिला पी.सी.व्ही. म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांवर ती १९६१ च्या मॉडेलपासून आली आणि मग सगळीकडे पसरली. तुमची गाडी साठच्या दशकातली, म्हणजे यातलं काहीही असू शकतं. ही वाट तुंबली की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि तो तेलाला सगळ्यात कमजोर फटीतून बाहेर ढकलतो. नवं सील बसवलंत तर तो पुढची कमजोर फट शोधतो.

तेव्हा सुरुवात ब्रीदरपासून. नळ्या, जाळी, फिलरच्या झाकणातली जाळी, सगळं काढून रॉकेलमध्ये धुवा. पी.सी.व्ही. झडप असेल तर हातात घेऊन हलवा, आत खुळखुळली पाहिजे. झडप असलेल्या इंजिनाची एक साधी परीक्षा आहे. इंजिन गरम झालं की आयडलवर ठेवून मोकळ्या ब्रीदरच्या तोंडावर, आणि तसं वेगळं तोंड नसेल तर उघड्या फिलरवर, पातळ कागद धरा. तो हलकासा आत ओढला गेला तर ठीक. साध्या नळीच्या इंजिनात आयडलला असा ओढा नसतो, तिथे हलके फुत्कार चालतात, पण धुराची सतत पिचकारी चालत नाही.

सगळ्या वाटा मोकळ्या करूनही फुत्कार जोराचे येत असतील तर कॉम्प्रेशन तपासा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडा किती यावा ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, पण मी आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बघतो. साधारण १० टक्क्यांच्या आत असावा. एखादा सिलिंडर मागे पडला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, जैसे थे राहिला तर वॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. रिंगाच गेल्या असतील तर आज सील बदलण्यात अर्थ नाही, तो खर्च इंजिन पूर्ण उघडाल त्या दिवसासाठी ठेवा. आणि डिपस्टिकचा वास घ्यायला विसरू नका. पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिनवर चालणाऱ्या फ्युएल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल तेलात उतरत असण्याची दाट शक्यता आहे, विशेषतः जुन्या रबराला इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळत असेल तर. तेल पातळ झालं की गळती वाढते, आणि बेअरिंगांचं जे होतं ते त्याहून वाईट.

आता धुणं. स्वच्छ इंजिन सुंदर दिसतं हा भाग वेगळा, इथे धुवायचं ते गळती कुठून आहे ते दिसावं म्हणून. चिकट्याखाली सगळीच जागा गळती वाटते.

इंजिन पूर्ण थंड हवं. तापलेल्या बिडाच्या ओतकामावर गार पाणी पडलं तर ते तडकू शकतं. बॅटरीची तार काढा. कार्ब्युरेटरचं तोंड, डिस्ट्रिब्युटर, कॉइल, डायनामो, फिलर आणि डिपस्टिकचं भोक, सगळं प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबरबँडने बांधून घ्या. जाड थर आधी लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून खाली पत्र्यावर पाडा. मग ब्रशने रॉकेल किंवा पाण्यात विरघळणारा डिग्रीजर, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, पुन्हा ब्रश, मग साध्या नळीचं पाणी. पेट्रोलने धुऊ नका. "आम्ही वर्षानुवर्षं तेच करतो" हे मीही ऐकलंय. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, रॉकेलला त्यासाठी साधारण ३८ अंशांच्या वर जावं लागतं. बंद शेडमध्ये हा फरक जिवाशी येतो. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला लावायचा नाही, तो धातू खातो आणि वर हायड्रोजन सोडतो. बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं टायमिंग कव्हर अशी जोडी असेल तर सौम्य तेच वापरा. प्रेशर वॉशर मी इंजिनजवळ आणतच नाही. तो चिकटा जितका काढतो तितकंच पाणी सीलच्या ओठांमागे आणि बेअरिंगांत घुसवतो.

सुकल्यावर सगळीकडे, विशेषतः जोडांवर, पायाला लावायची साधी पावडर भुरभुरा. वीस मिनिटं गाडी चालवून आणा आणि टॉर्च घेऊन बघा. पावडर जिथे सगळ्यात वर ओली झाली ती खरी जागा. तेल खाली वाहतं आणि वाऱ्याने मागे ढकललं जातं, म्हणून डाग पडतो त्या जागेवर कधी विश्वास ठेवू नये. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून सुटलेलं तेल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून थेट बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या घराच्या, भोकातून टपकतं आणि हुबेहूब मागच्या सीलसारखं दिसतं. ऑइल प्रेशरचा स्विच, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाची रिंग, फ्युएल पंपाचं पॅकिंग, बाजूची टॅपेट चेस्टची झाकणं यांचीही तीच तऱ्हा. आणि थेंब बोटावर घेऊन हुंगा. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल आहे, इंजिनाचा दोष नाही.

इंजिन उतरवायचं की नाही ते आता ठरेल. टॅपेट कव्हर, बाजूची झाकणं, पंप, डिस्ट्रिब्युटर, फिल्टरचं बूड ही सगळी कामं गाडीतच होतात. बऱ्याच गाड्यांत टायमिंग कव्हर आणि ऑइल चेंबरही (तळाची तेलाची टाकी), फार तर इंजिन माउंट सोडून थोडं उचलावं लागेल. फक्त क्रँकच्या मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स तरी काढावा लागतो किंवा इंजिन तरी. मागचं सील खरंच गळतंय असं पावडरने दाखवलं तरच त्या वाटेला जा, आणि गेलात तर क्लच प्लेट, गिअरबॉक्सचं पुढचं सील आणि फ्लायव्हीलमागचा कोअर प्लग (ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटेवरचं पत्र्याचं बूच) तेव्हाच बघून घ्या. गाडीखाली जायचं तर स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीही नाही. इथे मी वाद घालत नाही.

सिलिकॉनच्या मोहापेक्षा मोठा शत्रू पाना आहे. गळतंय म्हणजे बोल्ट ढिले आहेत असं मानून चेंबरचे बोल्ट आवळत राहिलं की पत्र्याची कड प्रत्येक भोकाभोवती वर उचलली जाते, मधला भाग झोपतो आणि नवं पॅकिंग तिथे दाबलंच जात नाही. मग पुन्हा आवळायचं. चेंबर काढलात की कडेवर स्टीलची पट्टी ठेवून उजेडासमोर धरा, टेकड्या-दऱ्या दिसतील. कड सपाट लाकडावर किंवा ऐरणीवर ठेवून भोकांभोवतीचे उंचवटे हलक्या हातोडीने बसवा. टॅपेट कव्हरचंही तेच. यासाठी लागणारा जोर ऐकून लोकांना खोटं वाटतं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बी.एम.सी.) ए-सीरीज इंजिनाला, म्हणजे मॉरिस मायनरमधल्या, टॅपेट कव्हरच्या नटांना ४ पाउंड-फूट आणि चेंबरच्या बोल्टांना ६ पाउंड-फूट सांगितलंय, म्हणजे साडेपाच आणि ८ न्यूटन-मीटरच्या आसपास. मनगटाच्या जोरावर सवय असलेला माणूस सहज याच्या तिप्पट लावतो. तुमच्या इंजिनाचा आकडा त्याच्याच पुस्तिकेतून घ्या आणि छोट्या मापाचा टॉर्क पाना मिळवा. मोठा टॉर्क पाना त्याच्या खालच्या टोकाला विश्वासाचा नसतो.

चेंबर उघडलंच आहे तर तळाचा गाळ आणि पंपाची जाळी साफ करा. इंजिन फ्लश घालून हा गाळ काढायचा उद्योग जुन्या इंजिनात करू नका. तो एका वेळी सुटून जाळीवर जाऊन बसतो. हाताने काढलेला गाळ तुमच्या नजरेसमोर असतो.

जुनं पॅकिंग खरवडताना दोन गोष्टी. त्या काळच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं खरवडू नका, काचपेपरने घासू नका, हवेने उडवू नका. पाण्याने भिजवून ओलंच काढायचं, चिंध्या पिशवीत बांधायच्या, तोंडावर नीट बसणारा मास्क घालायचा. दुसरी, ड्रिलला लावायच्या त्या घासणीच्या चकत्या. काम झटक्यात होतं, पण त्यांचे झिजलेले कण क्रँककेसमध्ये पडतात आणि तेलातून फिरून बेअरिंगं खातात, शिवाय ॲल्युमिनियमवर खळगे पडतात ते वेगळंच. बिडावर धारदार ब्लेड चालतं, ॲल्युमिनियमवर प्लास्टिकची पट्टी आणि धीर. उघडी भोकं चिंध्यांनी बुजवा आणि किती चिंध्या कोंबल्या ते मोजून लिहून ठेवा. हसू नका, एक चिंधी मी नंतर टायमिंग चेनमधून काढली आहे. शेवटी पांढरं फडकं थिनरने ओलं करून फिरवायचं, फडकं पांढरं राहिलं तर पृष्ठभाग तयार. ब्रेक क्लीनर वापरणार असाल तर क्लोरीन नसलेला घ्या. क्लोरीनवाल्याची वाफ ज्योतीशी किंवा वेल्डिंगशी आली तर विषारी फॉस्जीन तयार होतो.

बोल्टांची भोकंही पुसा. बंद भोकात तेल किंवा पाणी साचलेलं असलं तर बोल्ट पंपाच्या दट्ट्यासारखं काम करतो आणि ब्लॉक तडकवू शकतो. काही बोल्ट मात्र आरपार जाऊन पाण्यात किंवा तेलात उघडतात, त्यांच्या आट्यांना सीलंट लावायचं असतं. हे नाही केलं तर तेल पॅकिंगमधून न येता आट्यांच्या चक्रीतून वर येतं आणि तुम्ही पॅकिंगला शिव्या घालत बसता.

सिलिकॉनचं सांगतो. त्याची जागा आहे: जिथे दोन पॅकिंगं मिळतात ते कोपरे, चेंबरच्या दोन टोकांना अर्धचंद्र तुकडे बसतात ती सांधेजागा. तिथे वाटाण्याएवढा ठिपका. बाकी सगळीकडे थापलं की अर्धं बाहेर येतं, ते दिसतं, आणि तेवढंच आतही जातं, ते दिसत नाही. आतली शेवयांसारखी तार सुटून जाळीत अडकते. चालती गाडी तेलाचा दाब गेला म्हणून माझ्याकडे आली होती, चेंबर उघडलं तर जाळीवर निळ्या सिलिकॉनचा पुंजका होता. घ्यायचंच तर तेलाला टिकणारं आणि व्हिनेगरचा वास नसलेलं घ्या. त्या वासाचं ॲसिड धातूला गंजवतं.

कॉर्कचं पॅकिंग झाकणाच्या बाजूला गोंदाने चिकटवा आणि ब्लॉकच्या बाजूला नुसता ग्रीसचा हात फिरवा, म्हणजे पुढच्या वेळी झाकण न फाटता उघडेल. सेट बरीच वर्षं पडून कॉर्क आक्रसला असेल, भोकं जुळत नसतील, तर कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, तो फुलतो. कागदी पॅकिंगला न सुकणाऱ्या पेस्टचा पातळ हात पुरे. मी हायलोमार वापरतो, ते मुळात रोल्स-रॉइसच्या विमानांच्या इंजिनांसाठी बनलं होतं आणि कधीच कडक होत नाही. ज्या जोडाला मुळातच पॅकिंग नाही तिथे गोष्ट वेगळी, उदाहरणार्थ फोक्सवॅगन बीटलच्या क्रँककेसचे दोन अर्धे, तिथे सीलंट हेच पॅकिंग असतं. तांब्याच्या वायसर फेकू नका. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, त्या पुन्हा मऊ होतात.

क्रँकचं पुढचं सील बदलताना पुलीच्या मानेवर नखाने चाचपून बघा. जुन्या सीलच्या ओठाने तिथे चर पाडलेली असते. नख अडकत असेल तर कितीही भारी सील घाला, ते गळणारच. खोबणीत जागा असेल तर नवं सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या धातूवर आणता येतो, नाहीतर मानेवर चढवायची पातळ स्टीलची बाही मिळते. स्प्रिंग असलेला ओठ नेहमी तेलाच्या बाजूला. रबरी सीलच्या ओठाला बसवण्याआधी तेल लावा, कोरडं ठेवलंत तर पहिल्या मिनिटात जळतं. पी.टी.एफ.ई.चा (टेफ्लॉनचा) ओठ असलेलं सील याच्या उलट, ते कोरडंच बसवायचं असतं, पुडीवरची सूचना वाचा. शाफ्टवर चावीचा खाचा असेल तर त्यावर टेप गुंडाळा, खाच ओठ कापते.

मागची बाजू मात्र इंजिनागणिक वेगळी असते. काही इंजिनांत ग्रॅफाइट लावलेला दोरा दोन अर्ध्यांत बसवतात. तो गुळगुळीत गोल दांड्याने खोबणीत दाबत दाबत बसवायचा आणि टोकं धारदार ब्लेडने एका कापात. चाकूने कुरतडलेले धागे बेअरिंगच्या सांध्यात अडकले तर टोपण नीट बसत नाही. मॉरिस मायनरच्या ए-सीरीज इंजिनाला तर मागे सीलच नाही. क्रँकवर उलट आटे कापलेले असतात आणि ते तेल परत आत ओढतात. इंजिन बंद झालं की ओढणं बंद, म्हणून एखाद-दुसरा थेंब पडतो. सेटमध्ये मागचं सील का नाही म्हणून तुम्ही शोधत असाल तर हे कारण असू शकतं.

हेडचं पॅकिंग सेटमध्ये आहे म्हणून हेड उघडू नका. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, तेलात दुधाळपणा नाही, कॉम्प्रेशन सारखं आहे, तर ते पॅकिंग कपाटात राहू द्या.

जोडणी झाल्यावर सिलिकॉन जिथे लावलंय तिथे २४ तास थांबा. नवं तेल, नवा फिल्टर. प्लग काढून ठेवून स्टार्टर थोडा थोडा वेळ मारा, प्रेशरचा दिवा विझेपर्यंत किंवा काटा हलेपर्यंत, मगच प्लग लावून चालू करा. दोन-तीनदा पूर्ण गरम होऊन गार झालं की कॉर्कच्या जोडांचे बोल्ट एकदा त्याच आकड्याला तपासा, कॉर्क बसल्यामुळे ते थोडे सैल झालेले असतात. आकड्याच्या वर एक चिमूटही नाही. काढलेलं तेल आणि तेलकट रॉकेल डब्यात साठवून जुनं तेल घेणाऱ्याकडे द्या, गटारात ओतू नका. वापरलेलं इंजिन ऑइल कातडीलाही वाईट, नायट्राइलचे हातमोजे घाला.

मग पुन्हा पावडर, पुन्हा वीस मिनिटं, आणि रात्री इंजिनखाली कोरा पुठ्ठा. सकाळी त्यावर काय दिसतं ते आणि इंजिन नेमकं कोणतं आहे ते कळवा. मागे आट्यांचं इंजिन असेल आणि रुपयाएवढा एक डाग असेल तर मी तरी तिथेच थांबेन.